चालतंय, पण खरं आहे का?

मागच्या नाताळच्या सुट्टीत माझा मावसभाऊ बेंगळुरूहून बेळगावला आमच्याकडे आला होता. आईने करंज्यांचा डबा उघडायच्या आत त्याने सॅकमधून लॅपटॉप काढून उघडला. सेकंडहँड घेतलेला. मोबाइलमध्ये असतो तशा जातीचा प्रोसेसर असलेला. पंखा जवळजवळ ऐकू येत नाही, बॅटरी दिवसभर पुरते. दादाला त्यावर लिनक्स चालवायचं होतं. लिनक्स सुरू व्हायचं, पण कीबोर्ड मुका आणि टचपॅड बधिर! बाहेरून यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस लावून तो काम करत होता.

"मग कंपनीकडून काहीतरी डाउनलोड कर ना," मी म्हटलं.

"कंपनीने लिनक्ससाठी काही दिलेलंच नाही. या लॅपटॉपचं वर्णन मलाच लिहावं लागतंय. तू साहित्याची ना? मग हे वाच. यात गणित नाही, नुसतं वर्णन आहे."

वर्णन म्हटल्यावर मी बसले. सोबत त्याने मला त्याच्या पहिल्या खर्ड्यावर ई-मेलने आलेले अभिप्रायही दाखवले. बरेच होते. त्यातल्या एका प्रश्नावर तो जरा चिडलेलाच होता. प्रश्न साधा होता : 'हे तुम्हाला कसं कळलं?'

मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. आपण 'समीक्षा' हा शब्द तीन वर्षं वर्गात ऐकतो. पण पुस्तक छापून आल्यावर होते ती समीक्षा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात नव्या लॅपटॉपचं वर्णन छापायच्या आधी जी समीक्षा होते, ती कशी असते आणि तिच्यात काय पणाला लागलेलं असतं, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगता येत नाही

आधी एक शंका दूर करू. आपण यूएसबीचा माऊस लावतो तेव्हा तो लगेच चालतो. त्याला कुणी वर्णन लिहून द्यावं लागत नाही. कारण यूएसबीवर जोडलेली वस्तू स्वतःची ओळख सांगते : मी अमुक कंपनीची, माझा क्रमांक अमुक. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ती ओळख वाचतो आणि तिच्यासाठी योग्य तो ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूशी तिच्या भाषेत बोलणारा प्रोग्रॅम.

लॅपटॉपच्या पोटातल्या पुष्कळ वस्तू मात्र अशा बोलक्या नसतात. टचपॅड बहुतेक वेळा 'आय-स्क्वेअर-सी' नावाच्या दोन तारांच्या जोडीवर बसलेला असतो. त्या तारांवर कोण, कुठल्या पत्त्यावर आहे, हे आधीच माहीत असावं लागतं. झाकण बंद झाल्याची खबर प्रोसेसरच्या कुठल्यातरी एका पायावर येते. कुठल्या, ते तो पाय सांगत नाही. कुठल्या भागाला किती व्होल्ट लागतात, हेही तो भाग सांगत नाही.

इंटेल किंवा एएमडीच्या नेहमीच्या लॅपटॉपमध्ये ही माहिती मशीनच्या फर्मवेअरमध्येच तक्त्यांच्या रूपाने ठेवलेली असते. त्या पद्धतीला एसीपीआय म्हणतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ती डिसेंबर १९९६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. आता जे आर्म जातीच्या प्रोसेसरचे, उदाहरणार्थ स्नॅपड्रॅगनचे, लॅपटॉप मिळतात, त्यांच्यातही हे तक्ते असतात. पण ते विंडोज आणि विंडोजचे ड्रायव्हर समोर ठेवून लिहिलेले असतात. अर्ध्या गोष्टी तक्त्यात, अर्ध्या त्या ड्रायव्हरच्या पोटात. लिनक्सला तेवढ्यावर भागवता येत नाही. म्हणून त्याला वेगळं, स्वयंपूर्ण वर्णन लागतं. त्या वर्णनाचं नाव डिव्हाइस ट्री.

ही कल्पना लिनक्सची नव्हे. सन कंपनीच्या संगणकांतल्या ओपन फर्मवेअरमधून ती आली आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकाखाली तिचं प्रमाणीकरण झालं. अ‍ॅपलच्या जुन्या पॉवरपीसी मॅकमध्येही ती होती. आर्मच्या बाजूला मात्र बरीच वर्षं वेगळाच कारभार चालला. प्रत्येक नव्या बोर्डासाठी कर्नलमध्ये सी भाषेतली एक नवी फाइल, आणि तिच्यात तीच ती माहिती थोड्या फरकाने. फायलींचा हा ढीग इतका वाढला, की मार्च २०११ मध्ये खुद्द लिनस टॉरवाल्ड्स त्यावर जाम वैतागले. त्यानंतर आर्मची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली. आज कर्नलमध्ये ६४ बिटांच्या आर्मसाठी अशी हजाराहून अधिक वर्णनं आहेत.

उतारा शेत नांगरत नाही

दादाने मला फाइल उघडून दाखवली तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती, "यात तर काही घडतच नाहीये!" प्रोग्रॅम म्हटला की हे कर, मग ते कर, असं काहीतरी असेल अशी माझी कल्पना. इथे एकही क्रियापद नाही. सगळी नामं आणि विशेषणं.

जमिनीचा उतारा आठवा. कुठल्या सर्व्हे नंबरात किती जमीन, कुणाच्या नावावर, कुठलं पीक. उतारा स्वतः शेत नांगरत नाही. नांगरणारा वेगळा. पण उतारा चुकला तर नांगरणारा भलत्याच्या शेतात शिरतो. डिव्हाइस ट्री म्हणजे लॅपटॉपचा उतारा आणि ड्रायव्हर म्हणजे नांगरणारा.

झाडासारखी रचना म्हणून 'ट्री'. मुळाशी लॅपटॉपचं नाव. त्याखाली फांद्या, म्हणजे नोड. प्रत्येक नोडमध्ये काही नोंदी, म्हणजे प्रॉपर्टी. टचपॅडचा नोड मराठीत वाचायचा तर असा होईल : 'टचपॅड, पत्ता १५. जात : आय-स्क्वेअर-सीवरून बोलणारं हाताळणीचं उपकरण. वीजपुरवठा : अमुक रेग्युलेटरकडून. काही घडलं की प्रोसेसरच्या ३ नंबरच्या पायावर खबर देतो. खबर देताना त्या पायावरचा दाब खाली ओढतो. झोपलेल्या लॅपटॉपला जागं करू शकतो.' इतकंच. (पत्ता सोळाच्या पटीतल्या आकड्यांत लिहितात, ते सध्या सोडून देऊ.)

वर्णन दोन थरांत असतं. चिपबद्दलचं सामाईक वर्णन एका फाइलमध्ये, आणि त्या चिपभोवती एका विशिष्ट लॅपटॉपमध्ये काय काय जोडलंय ते दुसऱ्या फाइलमध्ये. एकाच चिपवर दहा कंपन्या लॅपटॉप काढतात, त्यामुळे पहिला थर एकदाच लिहायचा. स्नॅपड्रॅगन एक्स एलिट ही चिप ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाली. तिचं मूळ वर्णन मार्च २०२४ च्या लिनक्स ६.८ मध्ये आलंसुद्धा, म्हणजे जून २०२४ मध्ये लॅपटॉप दुकानात यायच्या आधी. मग आसूस व्हिवोबुक एस १५ आणि लिनोव्हो योगा स्लिम ७एक्स यांची स्वतःची वर्णनं सप्टेंबर २०२४ च्या ६.११ मध्ये आली. पुढे एकेक लॅपटॉप येत गेला.

येत गेला म्हणजे कुणीतरी लिहीत गेलं आणि कुणीतरी वाचत गेलं. आता त्या वाचणाऱ्याकडे येऊ.

आधी लहान वाटणाऱ्या सूचना

अशा बदलाला पॅच म्हणतात. दादाच्या पहिल्या पॅचवर आलेल्या निम्म्या सूचना वाचून मला आमच्या शुद्धलेखन तपासणाऱ्या सरांची आठवण झाली. नोड वर्णानुक्रमे लावा. 'जात' सांगणारी नोंद सगळ्यात वर आणि 'चालू आहे' ही नोंद सगळ्यात खाली. नोडच्या नावात जोडरेघ, पण त्याच्या लेबलमध्ये अधोरेघ. नोडचं नाव सर्वसामान्य ठेवा : 'टचपॅड' म्हणा, टचपॅड बनवणाऱ्या कंपनीचा मॉडेल नंबर म्हणू नका.

"हे काय, चालतं ना ते?" असं मी म्हटलं. दादाही आधी असंच म्हणाला होता म्हणे. पण याला कारण आहे. हजार फायली एकाच शिस्तीत असल्या की दोन लॅपटॉपमधला फरक नजरेला लगेच दिसतो. सगळे जण फाइलच्या शेवटी भर घालू लागले तर दोघांचे बदल एकाच ओळीवर आपटतात. वर्णानुक्रमात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. थोडक्यात, ही शिस्त मशीनसाठी नाही. ती पुढच्या वाचकासाठी आहे.

व्याकरण तपासायला यंत्रं आहेतच. कंपायलर कंस आणि अर्धविराम पाहतो. त्यापुढे नमुन्यांचे नियम आहेत, त्यांना बाइंडिंग म्हणतात. अमुक जातीच्या उपकरणाला कुठल्या नोंदी हव्यातच, कुठल्या चालतील, कुठल्या मुळीच नकोत, हे त्यात लिहिलेलं असतं आणि संगणक ते ताडून पाहतो. उपकरण अगदीच नवीन असेल तर आधी त्याचं बाइंडिंग लिहून मान्य करून घ्यायचं, मग वर्णन. आधी व्याख्या, मग वापर.

पण ही यंत्रं एवढंच सांगतात, की वाक्य नीट रचलेलं आहे. 'टचपॅड १५ नंबरच्या पत्त्यावर आहे' आणि 'टचपॅड ५१ नंबरच्या पत्त्यावर आहे' ही दोन्ही वाक्यं व्याकरणाला सारखीच शुद्ध. खरं कुठलं, ते व्याकरण सांगू शकत नाही. तिथे माणूस लागतो.

मग मोठे प्रश्न

माणूस काय विचारतो? मला तीन प्रकारचे प्रश्न दिसले.

पहिला : हे लॅपटॉपचं वर्णन आहे, की तुमच्या सोयीचं? डिव्हाइस ट्रीत हार्डवेअर जसं आहे तसं लिहायचं, ड्रायव्हरने काय करावं ते लिहायचं नाही. दादाला एक ड्रायव्हर गप्प बसवायचा होता, म्हणून त्याने 'हे करू नकोस' अशा अर्थाची एक नोंद स्वतःच घडवली होती. समीक्षकाने ती काढायला लावली. ड्रायव्हरचं दुखणं ड्रायव्हरमध्ये बरं करा, असं सांगितलं. कारण हीच वर्णनं फक्त लिनक्स वाचत नाही. यू-बूट वाचतो, ओपनबीएसडी वाचतं. त्यांना लिनक्सच्या ड्रायव्हरच्या रडगाण्याशी काय देणंघेणं?

दुसरा : हे वचन तुम्ही पाळू शकाल का? एखाद्या उपकरणाच्या 'जाती'चं नाव एकदा मान्य झालं, की ते सहसा बदलत नाही. आज लिहिलेलं वर्णन पाच वर्षांनंतरच्या कर्नललाही समजलं पाहिजे, अशी अपेक्षा असते. म्हणून नाव ठेवताना घाई नको.

तिसरा प्रश्न तोच, दादाला चिडवणारा. हे तुम्हाला कसं कळलं?

झालं होतं असं. चिप बनवणारी कंपनी एक नमुन्याचा लॅपटॉप तयार करते. लॅपटॉप कंपन्या तो समोर ठेवून आपापला बनवतात. त्या नमुन्याचं वर्णन कर्नलमध्ये उपलब्ध असतं. दादाने ती फाइल घेतली, नाव बदललं, आपल्याला माहीत असलेले फरक केले. यात चोरी काही नाही. परवाना तशी मुभा देतो आणि सगळेच असं करतात. टचपॅडला वीजपुरवठा करणारा रेग्युलेटर मात्र त्याने नमुन्यातलाच राहू दिला. टचपॅड चाललं. बोट फिरवलं की बाण फिरतो. झालं!

समीक्षकाने विचारलं : हा रेग्युलेटर खरंच या बोर्डावर आहे का? टचपॅडला खरंच तोच जोडलेला आहे का? कशावरून?

दादाने उत्तर लिहिलं : मी स्वतः तपासलंय, चालतंय.

त्यावर आलेलं उत्तर दादाने मला मराठीत समजावलं. लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर बरेच रेग्युलेटर आधीच चालू करून ठेवतं. त्यामुळे वर्णनात भलताच रेग्युलेटर लिहिला तरी टचपॅड चालतं, कारण त्याचा खरा पुरवठा फर्मवेअरने चालू ठेवलेला असतो. पण वापरात नाही असं वाटणारे रेग्युलेटर बंद करणं हेही कर्नलचं एक काम आहे. उद्या कुणी तो खरा रेग्युलेटर दुसऱ्या कशासाठी तरी नोंदवला आणि काम झाल्यावर कर्नलने तो बंद केला, की तुमचं टचपॅड मरेल. तेव्हा कुणाला कळणारही नाही की चूक तुमच्या या ओळीत आहे.

म्हणजे 'चालतंय' हा पुरावा नव्हता. तो योगायोग होता.

दादाने तीन दिवस खर्च केले. विंडोजसाठी फर्मवेअरमध्ये ठेवलेले ते तक्ते त्याने बाहेर काढले आणि उलगडून वाचले. त्यात टचपॅडसमोर एका वेगळ्याच रेग्युलेटरचा क्रमांक आणि व्होल्टेज होतं. तो बदलला. टचपॅड चाललं, अगदी आधीसारखंच. पडद्यावर काहीही फरक नाही. आईने विचारलं, "तीन दिवस काय केलंस रे?" तर दाखवण्यासारखं हातात काही नव्हतं.

शून्यं मोजणारा माणूस

व्होल्टेजच्या नोंदी समीक्षक सगळ्यात जपून वाचतात, असं दादा म्हणाला. त्या मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात. १.८ व्होल्ट म्हणजे १८००००० आणि ३.३ व्होल्ट म्हणजे ३३०००००. मध्ये स्वल्पविराम नसतो. शून्यं मोजत बसावं लागतं. वाक्यात वेलांटी चुकली तर अर्थ बिघडतो. इथे आकडा चुकला तर भाग जळू शकतो. रेग्युलेटरला स्वतःच्या मर्यादा असतात, पण त्या मर्यादेच्या आतही एखाद्या नाजूक भागाला सोसणार नाही इतकं व्होल्टेज बसू शकतं.

स्पीकरचं उदाहरण तर मला फारच धक्कादायक वाटलं. लॅपटॉपचे स्पीकर एवढेसे आणि त्यांना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर ताकदवान. मोठ्या आवाजात त्यांची तार तापते, आणि ती किती तापलीय याचा हिशेब कुणीतरी ठेवावा लागतो. विंडोजमध्ये किंवा मॅकमध्ये तो हिशेब कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवतं. नुसतं वर्णन लिहून स्पीकर चालू केले तर आवाज छान येईल, आणि एखाद्या दिवशी कायमचा जाईल. म्हणून अ‍ॅपलच्या नव्या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या असाही लिनक्सच्या मंडळींनी तापमानाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम तयार होईपर्यंत मॅकबुकचे स्पीकर बंदच ठेवले. थिंकपॅड एक्स१३एसमध्ये कर्नलनेच आवाजावर कमाल मर्यादा घातली. लोक कुरकुरले असतील, आवाज लहान येतो म्हणून. पण समीक्षेचं एक काम हेही आहे, चालू करता येत असलेली गोष्ट 'अजून नको' म्हणून थांबवणं.

आणखी एक प्रकार म्हणजे उलटा होकार. काही तारांवर व्होल्टेज चढलं की त्याचा अर्थ 'हो', आणि काहींवर उतरलं की 'हो'. उपकरणाला रीसेट करणारी तार बहुधा दुसऱ्या जातीची असते. ते वर्णनात उलटं लिहिलं, तर आपण 'ऊठ' म्हणतोय आणि त्याला 'झोपून राहा' ऐकू येतंय! असे तास आणि दिवस वाया गेल्याच्या कहाण्या दादाकडे भरपूर आहेत.

माझी एक ओळ

दुसरा खर्डा पाठवायच्या आदल्या रात्री दादा म्हणाला, "तू एकदा वाच. तुला काही कळत नाही, म्हणून वाच."

मी वाचलं. मला एकच गोष्ट कळत होती. रेग्युलेटरच्या लेबलमध्येच त्याचं व्होल्टेज लिहायची पद्धत आहे. दशांशचिन्ह नावात चालत नाही, म्हणून त्याच्या जागी 'पी' अक्षर : 'एक पी दोन' म्हणजे १.२, 'एक पी आठ' म्हणजे १.८. वाचता वाचता एका ठिकाणी अडखळले. नाव 'एक पी दोन' म्हणत होतं, खाली आकडा १८००००० होता.

"दादा, हे नाव एक म्हणतंय आणि आकडा दुसरंच."

तो खुर्चीतून उठून आला. बराच वेळ बघत राहिला. कंपायलरने काही म्हटलं नव्हतं. नियम तपासणाऱ्या यंत्रानेही नाही, कारण त्यांच्या लेखी लेबल म्हणजे नुसतं नाव, काहीही असो. आता यातलं खरं कुठलं? दोन्ही मजकूर त्याच्याच हातचे. फाइलकडे कितीही बघितलं तरी फाइल उत्तर देणार नव्हती. त्याने पुन्हा ते तक्ते उघडले. आकडा बरोबर होता. नाव नमुन्याच्या फाइलमधून तसंच राहून गेलं होतं.

"म्हणजे चूक नव्हतीच तशी," मी म्हटलं. मला थोडं वाईटच वाटलं, खरं सांगायचं तर.

"चूक होती. समज, दोन वर्षांनी कुणीतरी ही फाइल वाचतोय. त्याला नाव आणि आकडा जुळत नाहीत असं दिसलं. त्याने नावावर विश्वास ठेवला आणि आकडा 'दुरुस्त' केला, तर? किंवा दुसऱ्या ठिकाणी खरंच १.२ व्होल्ट हवेत म्हणून नाव बघून हा रेग्युलेटर जोडला, तर?"

खोटं नाव मशीनला चालतं. ते पुढच्या माणसाला फसवतं.

सही कशाची?

पॅचच्या शेवटी सह्या असतात. लिहिणाऱ्याची सही म्हणजे, हे मी लिहिलंय किंवा मला ते द्यायचा हक्क आहे, याची ग्वाही. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून आयबीएमला कोर्टात खेचलं होतं, आणि कुठली ओळ कुठून आली ते सांगता यावं, ही गरज सगळ्यांना कळून चुकली होती. ज्याने यंत्रावर चालवून पाहिलं त्याची सही वेगळी, आणि ज्याने वाचलं त्याची वेगळी. वाचणाऱ्याच्या सहीचा अर्थ असा, की मी हे तांत्रिकदृष्ट्या नीट तपासलंय, माझ्या शंका लिहिणाऱ्याला सांगितल्या आहेत, त्याची उत्तरं मला पटली आहेत, आणि माझ्या मते हे कर्नलमध्ये घ्यायला योग्य आहे. ते चालेलच, अशी हमी त्यात नसते. हा फरक मला फार प्रामाणिक वाटला.

पॅचसोबतच्या निवेदनात आणखी एक यादी असते, तीही मला आवडली. काय चालतं : पडदा, कीबोर्ड, टचपॅड, वायफाय, यूएसबी. काय चालत नाही : कॅमेरा, स्पीकर, झोपेतून उठल्यावर कधीकधी पडदा. आपण एखादा निबंध देताना शेवटी कधी लिहितो का, की या निबंधातला तिसरा मुद्दा अजून चालत नाही?

दादा म्हणाला, "तुझं नाव घालू का? वाचणाऱ्यांमध्ये?"

मोह झाला. जगातल्या कुठल्याही माणसाला उघडून वाचता येईल अशा ठिकाणी आपलं नाव! पण त्याने नुकताच त्या सहीचा अर्थ समजावून सांगितला होता. मी काय तपासलं होतं? एक नाव आणि एक आकडा. बाकीच्या ओळी मी फक्त पाहिल्या होत्या. नको म्हटलं. तो हसला. "हे तू बरोबर केलंस," एवढंच म्हणाला.

मराठीत संपादनाची गोष्ट निघाली की श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावं निघतातच. 'सत्यकथा'कडे कथा पाठवली की ती सूचनांसह परत येई आणि लेखक पुन्हा लिहायला बसे, हे आम्ही सरांकडून ऐकत आलो. मला ते आजवर दरारा म्हणून कळलं होतं. त्या सुट्टीत ते वेगळ्या अंगाने कळलं. परत पाठवणारा माणूस तुमच्या मजकुराइतकाच तुमच्या नंतरच्या वाचकाचाही विचार करत असतो. तो वाचक अजून आलेला नसतो, त्यामुळे त्याच्या वतीने कुणीतरी आत्ताच विचारावं लागतं.

दादाचा तिसरा खर्डा जानेवारीत गेला आणि काही आठवड्यांनी मान्य झाला. आता तोच लॅपटॉप असलेल्या कुणालाही, मग तो हैदराबादला असो की हेलसिंकीला, बाहेरचा माऊस शोधायची गरज पडणार नाही. त्याला दादाचं नावही माहीत नसेल. त्याचं बोट फिरेल आणि बाण फिरेल.

कॉलेज सुरू झाल्यावर मी माझ्या सेमिनारचं टिपण उघडलं. त्यात एका कवितासंग्रहाच्या प्रकाशनाचं वर्ष होतं. गाइडमधून घेतलेलं. गेले दोन महिने ते तिथे होतं, सरांनीही काही म्हटलं नव्हतं. म्हणजे चालत होतं. मी वही मिटली आणि लायब्ररीत गेले, पुस्तकाचं पहिलं पान बघायला.